ऐब सांगून विकलेला माल

जुनी वस्तू घेणे आणि विकणे हा आपल्या समाजाच्या रोजीरोटीचा मोठा भाग आहे. जुनी शिलाई मशीन, जुनी रिक्षा, जुना टेम्पो यांच्यावर कितीतरी घरे उभी राहिली. गॅरेज, पत्र्याचे काम, रंगकाम, कुशनचे काम या धंद्यांतही आपली मुले पिढ्यान्‌पिढ्या आहेत. म्हणून जुन्या मालाच्या व्यवहारातली नीती हा आपल्यासाठी पुस्तकी प्रश्न नाही. तो रोज दुकानाच्या पायरीवर उभा असतो.

या प्रश्नाचा विचार आम्ही एका लहानशा वस्तूवरून करू इच्छितो. ती वस्तू म्हणजे मोटारीच्या डॅशबोर्डवरचे चामडे.

महागड्या स्पोर्ट्स कारच्या डॅशबोर्डला प्लॅस्टिकऐवजी चामडे लावलेले असते. फेरारीसारख्या नामांकित कंपनीच्या १९९० च्या दशकातल्या गाड्यांतही हे चामडे पुढे आकसते, ही जाणकारांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. कारण साधे आहे. चामडे म्हणजे तंतूंचे जाळे. त्यातला ओलावा आणि कमावताना मुरवलेले तेल यांमुळे ते मऊ राहते. समोरच्या काचेतून ऊन थेट डॅशबोर्डवर पडते. बंद गाडीत त्याचा पृष्ठभाग ७० अंश सेल्सिअसपर्यंतही तापतो. ओलावा उडतो, तेल सुकते, तंतू एकमेकांजवळ ओढले जातात, खालचा गोंद हार खातो आणि चामडे काचेच्या कडेपासून, हवेच्या जाळीपासून सुटू लागते. आपला नगर जिल्हा (२०२४ पासून अहिल्यानगर) पर्जन्यछायेतला. कोरडी हवा, चाळिशीला टेकणारा उन्हाळा आणि सावलीची वानवा. इथे चामड्याला सुकायला निमित्त लागत नाही.

अशा गाड्या नगरच्या रस्त्यावर विरळाच. पण पुण्या-मुंबईच्या मालकाने हौस फिटल्यावर काढलेली दोन दारांची गाडी एखाद्या तरुणाच्या नजरेत भरते. बापाने जमीन विकून किंवा भावाने आखातातून पैसे पाठवून ती दारात येते. ज्यांच्याकडे अशी गाडी नाही त्यांनीही हे प्रकरण परके समजू नये. चामड्याच्या जागी साध्या गाडीचा तडकलेला डॅशबोर्ड ठेवा, प्रश्न तोच राहतो.

प्रश्न असा : आकसलेले चामडे विकणाऱ्याने दाखवावे, की घेणाऱ्याने पाहून घ्यावे?

हा दोष मोठा चमत्कारिक आहे. तो डोळ्यांसमोर असतो, तरी जाणकारालाच दिसतो. आणि तो झाकणे फार सोपे असते. डॅशबोर्डवर मखमली चटई अंथरली की झाले. सिलिकॉनचे पॉलिश फासले की सुकलेले चामडे तासाभरात नव्यासारखे चमकते. गिऱ्हाईक यायच्या आदल्या रात्री वाफ देऊन कडा ताणायची आणि गोंदाने चिकटवायची, असाही उपाय असतो. महिनाभर उन्हात उभी राहिली की गाडी खरे बोलू लागते. तोवर कागदपत्रे झालेली असतात. गाडी नावावर करण्यासाठी आरटीओत २९ आणि ३० क्रमांकाचे फॉर्म भरावे लागतात. त्यांत मालकाचे नाव, पत्ता, नंबर सगळे विचारतात, पण गाडीत काय ऐब आहे हे विचारणारा रकाना नाही. ज्या शहरात लष्करी वाहनांच्या संशोधनाची व्हीआरडीई ही संस्था आहे, त्याच शहरात जुन्या गाडीची पारख मात्र शेवटी दोन माणसांच्या इमानावर सोपवलेली असते.

कायदा काय म्हणतो? १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे १७ वे कलम फसवणूक म्हणजे काय ते सांगते. त्यात घोड्याचा दाखला आहे. घोडा सदोष आहे हे मालकाला ठाऊक आहे. तो लिलावात घोडा विकतो आणि काहीच बोलत नाही. कायद्याच्या लेखी ही फसवणूक नव्हे. मात्र घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. घेणाऱ्याने ‘तुम्ही नाही म्हटले नाही तर घोडा धड आहे असे मी धरीन’ असे म्हटले आणि मालक गप्प राहिला, तर ते गप्प राहणे बोलण्यासारखेच मानले जाते.

या दाखल्यात एक मार्मिक गोष्ट दडलेली आहे. कायद्याने लेकीला वेगळे काढले आणि परक्याला वाऱ्यावर सोडले. आपल्या परंपरेने नेमकी हीच भिंत पाडली. मदिनेच्या बाजारातला प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणापासून ऐकलेला आहे. पैगंबर साहेबांनी धान्याच्या राशीत हात घातला, बोटांना ओल लागली. व्यापारी म्हणाला, पाऊस लागला. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असा सवाल त्यांनी केला आणि फसवणारा आपल्यातला नव्हे असे बजावले. लक्षात घेण्यासारखे हे की त्या व्यापाऱ्याने खोटे काहीच सांगितले नव्हते. पाऊस त्याने पाडला नव्हता. त्याचा दोष एवढाच, की कोरडे वर होते आणि ओले खाली. सिलिकॉनचे पॉलिश म्हणजे वर ठेवलेले कोरडे धान्यच नाही का?

जनावरांच्या बाजाराचा दाखला तर नगरकरांना आणखी जवळचा. नेवासे तालुक्यातल्या घोडेगावच्या बाजारात म्हैस घ्यायला गेलेला शेतकरी आधी कास पाहतो. कास भरलेली दिसावी म्हणून दूध तुंबवून ठेवण्याची युक्ती जगभर जुनी आहे. हदीसमध्ये अशा जनावराच्या विक्रीला मनाई आहे आणि फसलेल्या ग्राहकाला ते परत करण्याची मुभाही सांगितली आहे. तपशिलाबाबत फकीहांत मतभेद आहेत. पण जिवंत जनावराचे रूप फुगवून दाखवणे हीदेखील लबाडी, याबद्दल मतभेद नाही.

फिकहने ‘ऐब’ कशाला म्हणावे हेही ठरवून ठेवले आहे. व्यापाऱ्यांच्या रिवाजात ज्यामुळे किंमत उतरते तो ऐब. ही व्याख्या फार व्यवहारी आहे. दहा वर्षांच्या गाडीची सीट थोडी मळलेली असणे हा ऐब नव्हे, ते वय आहे. दोघांनाही ते दिसते आणि भावात धरलेले असते. पण सबंध डॅशबोर्ड उतरवून नव्या चामड्याने मढवावा लागणार असेल आणि ते विकणाऱ्यालाच ठाऊक असेल, तर तो ऐब. मुद्दाम झाकला तर ती दगाबाजी. ‘आहे त्या स्थितीत’ या बोलीवर माल विकण्याची वाट हनफी फिकहमध्ये आहे. पण ती दोष अंगाला लावून न घेण्याची वाट आहे, चटईखाली दोष लपवण्याची नव्हे.

यात जिवाचाही प्रश्न आहे. बऱ्याच गाड्यांत पुढच्या प्रवाशाची एअरबॅग डॅशबोर्डच्या आत असते आणि तिचे झाकण ठरलेल्या जागी फाटावे अशी रचना केलेली असते. त्यावर कोणी जाड चामडे ताणून, वाटेल तशी शिवण घालून बसवले, तर वेळ आल्यावर पिशवी नीट उघडेलच याची खात्री राहत नाही. दिसायला गाडी सुंदर झाली, पण सांगायलाच हवी अशी गोष्ट वाढली. दुरुस्ती केली म्हणून तोंड बंद ठेवता येत नाही.

विकणाऱ्यालाच सगळे उपदेश करणे मात्र न्यायाचे नाही. घेणाराही काही संत नसतो. किरकोळ सुटलेली कड पाहून ‘सगळी गाडी सडली’ असा कांगावा करणारे आणि गरजू मालकाला घाबरवून भाव पाडणारे आपण पाहतो. कुरआनात हजरत शुऐब यांच्या कौमला मापात मारू नका म्हणून बजावले, तिथेच लोकांच्या वस्तूंचे मोल कमी करू नका, असेही सांगितले आहे. दुसऱ्याच्या मालाला खोटी नावे ठेवणे हीसुद्धा मापातलीच चोरी.

आणि तिसरा माणूस? गाडी तपासायला नेलेला मिस्त्री. त्याला सगळे दिसते. विकणारा त्याच्या खिशात काही सरकवतो आणि तो म्हणतो, ‘गाडी एक नंबर.’ वासिला बिन अस्का या सहाबींची गोष्ट सांगितली जाते. दुसऱ्यानेच विकलेल्या उंटाच्या पायाला छिद्र आहे हे त्यांना ठाऊक होते. ते घेणाऱ्याच्या मागे गेले आणि सांगून आले. विकणारा चिडला, माझा सौदा मोडलास म्हणाला. त्यांचे म्हणणे असे, की ऐब ठाऊक असणाऱ्याला न सांगणे हलाल नाही. आपल्या कारागिरांच्या हातात कसब आहे. त्या कसबावरचा विश्वास हीच त्यांची खरी पुंजी.

इथे एक कठीण प्रश्न उरतोच. शेजारचा दुकानदार सांगत नाही, मी सांगितले तर गिऱ्हाईक त्याच्याकडे जाईल आणि माझी चूल विझेल. हा प्रश्न खोटा नाही. सचोटीने नफा आपोआप वाढतो, असे आम्ही म्हणणार नाही, कारण ते नेहमी खरे नसते. कूफ्याचे कापड व्यापारी इमाम अबू हनीफा यांच्या भागीदाराने ऐब न सांगता कापड विकले. घेणारा कोण होता ते आठवेना, तेव्हा इमामसाहेबांनी सगळी रक्कम दान केली, असे सांगतात. त्यात त्यांचा फायदा झाला नाही, तोटाच झाला. व्यवहारात दोघांनी खरे सांगितले तर बरकत आणि लपवले तर बरकत जाते, हे वचन आपण नफ्याच्या हिशेबाने वाचतो. पण बरकत म्हणजे गल्ल्यातला आकडा नव्हे. घेऊन गेलेला माणूस पुन्हा बाजारात समोर आला, तर नजर न चुकवता सलाम करता यावा, एवढी तरी ती असते.

कायद्याने लेकीपुरती ठेवलेली जबाबदारी परक्या गिऱ्हाइकापर्यंत नेणे, हीच आपल्या बाजाराची कसोटी आहे. ती पार पाडायला मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. गिऱ्हाईक आले की चटई उचलायची आणि म्हणायचे, ‘हे बघा, इथून सुटले आहे. भाव त्या हिशेबाने करू.’