आंकड्यांची साक्ष

अनुदान मागण्याचा अर्ज हा वाङ्मयाचा कोणता प्रकार मानावा, हा प्रश्न आमच्या टीकाकारांनीं अद्याप हातीं घेतलेला नाहीं. त्यांत वर्णन असतें, करुणरस असतो, थोडीबहुत कल्पनाही असते. आणि अलीकडे तर आंकड्यांवांचून त्याला कोणी अर्जच म्हणत नाहीं. बारामती किंवा इंदापूर तालुक्यांतील एखाद्या लहानशा संस्थेस खेड्यांतील मुलांसाठीं वीजजोडणीचा, शिवणयंत्राचा अगर वेल्डिंगचा वर्ग काढावयाचा असला, तर तिला सरकारी योजनेकडे किंवा एखाद्या कंपनीच्या समाजकार्याच्या निधीकडे जावें लागतें. आणि तेथील छापील अर्जांत एक रकाना हटकून असतो: या कौशल्यास आपल्या भागांत मागणी किती, तें आधारासह लिहावें. प्रस्तुत लेख त्या एका रकान्याविषयीं आहे. विषय रुक्ष वाटेल. पण सत्य कशाला म्हणावें, हा जुना प्रश्न या चार बोटें जागेंत जितका उघडा पडतो तितका तो मोठमोठ्या तत्त्वचर्चेंतही क्वचितच पडतो, असें आम्हांस अनुभवानें वाटूं लागलें आहे.

अनुभव असा. कांहीं वर्षांपूर्वीं इंदापूर तालुक्यांत असें काम करणारे आमचे एक स्नेही आपला अर्ज भाषा तपासण्यासाठीं आमच्याकडे घेऊन आले. मागणीच्या रकान्यांत त्यांनीं पुणें जिल्ह्यांतील कारखान्यांना लागणाऱ्या वेल्डरांचा एक भला मोठा आंकडा, ज्या अहवालांतून तो घेतला त्याच्या नांवासह, लिहिला होता. आंकडा खरा होता. आम्हीं दोन क्रियापदें बदललीं, एक विशेषण काढून टाकलें, आणि अर्ज भक्कम झाला असा अभिप्राय दिला. अनुदान मिळालें, वर्ग भरला, प्रमाणपत्रें वांटलीं गेलीं. पुढच्या वर्षीं इंदापूरच्या एस्. टी. स्थानकाजवळ त्या वर्गांतला एक मुलगा आम्हांला भेटला. तो चुलत्याच्या रसवंतीवर बसत होता. "जागा होत्या, साहेब," तो म्हणाला, "पण चाकणला. खोलीचं भाडं आणि खाणावळ देऊन हातात राहतं काय? आई म्हणाली, इथंच बस." त्याच्या बोलण्यांत तक्रारीचा सूर नव्हता, आणि म्हणूनच तें आम्हांला अधिक लागलें.

चाकण व इंदापूर हीं दोन्ही पुणें जिल्ह्यांतच मोडतात. पण मधलें अंतर दीडशें किलोमीटरांहून अधिक आहे. २०११ च्या जनगणनेंत जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाखांवर होती, आणि इंदापूर तालुक्याची चार लाखांच्या आंत. अशा जिल्ह्याची सरासरी काढली म्हणजे पुणें आणि पिंपरी-चिंचवड बोलतात आणि इंदापूर गप्प राहतें. जिल्ह्याच्या सीमा आंखल्या गेल्या त्या महसूल आणि अंमल यांच्या सोयीसाठीं. सकाळीं कामाला गेलेला मुलगा रात्रीं घरीं जेवायला येऊं शकेल कीं नाहीं, हा विचार त्यांच्या मुळाशीं कधींच नव्हता. तेव्हां आमच्या स्नेह्यांचा आंकडा खरा, अहवाल खरा, जिल्हा खरा, आणि तरीही सर्व मिळून जें झालें तें असत्य. धर्मराजाच्या तोंडून असाच एक शब्दशः खरा उद्गार निघाला आणि त्याचा रथ जमिनीस टेकला, अशी कथा आहे. आम्हांस रथ नाहीं, त्यामुळें आमचें कांहींच टेकलें नाहीं.

बरें, तालुक्याचा आंकडा मिळवावा म्हटलें, तर तो मिळावा कोठून? केंद्र सरकारची नियतकालिक श्रमबल पाहणी २०१७ पासून चालू आहे. २०२५ च्या जानेवारीपासून तिची रचना बदलून, नमुना निवडतांना जिल्हा हा मूळ घटक धरूं लागले. ही सुधारणा स्तुत्यच आहे, पण तालुक्यापर्यंत ती उतरत नाहीं. तालुक्याचें चित्र जनगणना देते. परंतु २०२१ ची जनगणना पुढें ढकलली गेल्यामुळें अर्जदारांस वर्षानुवर्षें २०११ च्याच मोजणीवर काम भागवावें लागलें. शिवाय 'काम' या शब्दाचीच गंमत पाहावी. आठवड्यांतून एखाद्या दिवशीं एक तास काम केलें, तरी चालू साप्ताहिक व्याख्येनें तो मनुष्य कामावर ठरतो. वर्षांतून तीस दिवसांचें दुय्यम काम केलें, तरी दुसऱ्या व्याख्येनें तो कामकरी गणला जातो. उसाच्या खुरपणीला वर्षांत महिनाभर जाणारी इंदापूरची बाई या हिशेबानें बेकार नव्हे. 'जागा' हा शब्दही तसाच लवचीक. २ मार्च २०२४ रोजीं बारामतींत भरलेल्या महारोजगार मेळाव्यांत हजारों जागा जाहीर झाल्या, आणि त्यांत शिकाऊ जागा किती, असा वाद लगेच निघाला.

या व्याख्या पाहणीकारांनीं फसविण्यासाठीं केलेल्या नाहींत. त्यांतली एका तासाची व्याख्या जगभर चालते, आणि प्रत्येकीचा उपयोग ठराविक प्रश्नापुरता आहे. फसवणूक होते ती निवड करणाराच्या हातून. अर्जांत बेकारी दाखवितांना कडक व्याख्या घ्यावयाची, आणि वर्ग संपल्यावर कार्यपूर्तीच्या अहवालांत नोकऱ्या दाखवितांना सैल, असा प्रकार आम्हीं एकाच फाइलींत पाहिला आहे.

आमच्या स्नेह्यांना आम्हीं हें सांगितलें तेव्हां ते रागावले नाहींत, थोडे हंसले. "अहो, तुम्ही पुण्यांत बसून सत्याच्या गोष्टी करतां," ते म्हणाले. "तालुक्याचा आंकडा नाहीं म्हणून रकाना कोरा सोडला, तर पैसे ज्याच्याकडे आंकडा आहे त्याच्याकडे जातील, म्हणजे पुन्हा पुण्याकडेच. इंदापूरच्या पोरांनीं केवळ मोजणी झाली नाहीं म्हणून उपाशी राहावें काय?" हा आक्षेप सहज झटकून टाकण्यासारखा नाहीं. ज्याची मोजणी होत नाहीं त्याची गरज नसते, असें समजणारी व्यवस्थाच अर्जदाराला उसना आंकडा आणावयास लावते, आणि त्या पापांत देणाराचा वांटा घेणाराहून कमी नाहीं.

तरीही आंकडे सोडून केवळ स्थानिक जाणकारांच्या शब्दावर पैसे द्यावे, असें आम्ही म्हणणार नाहीं. गांवचा जाणकार कोणाचा तरी भाऊबंद असतो, आणि त्याच्या माहितींत वस्तीबाहेरचीं घरें बहुधा नसतात. डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या खेड्यांत घरोघर चौकशी करून १९१७ मध्यें पुस्तक प्रसिद्ध केलें, तेव्हां बहुसंख्य कुटुंबांचें पोट जमिनीवर भरत नाहीं ही गोष्ट प्रथम आंकड्यांनीं पुढें आली. एरवीं ती ज्याची त्याला माहीत असूनही कोणासच माहीत नव्हती. तें खेडें आतां पिंपरी-चिंचवडच्या उंच इमारतींत बुडून गेलें आहे, पण पद्धत जुनी झालेली नाहीं.

उलट, माणसाला न विचारतां त्याची मागणी ठरविली म्हणजे काय होतें, हें या दोन तालुक्यांना चांगलें ठाऊक असावें. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा काढला गेला आणि १८८५ च्या सुमारास त्याचें पाणी या कोरड्या मुलखांत आलें. सरकारच्या हिशेबांत जमीन होती, तिचें क्षेत्रफळ होतें. शेतकऱ्याचें मन तेवढें नव्हतें. पाऊस बरा झाला कीं तो पाणी घेईना, कारण ज्वारीसाठीं पट्टी भरणें त्याला परवडेना. पाणी पुढें खपलें तें उसामुळें. विश्वेश्वरय्यांना ब्लॉकची पद्धत याच कालव्यावर बसवावी लागली. कालव्याला मात्र वाट पाहतां आली. पाण्याचें वय वाढत नाहीं.

मुलाचें वाढतें. आमच्या मतें सर्व प्रश्नाचें मर्म येथें आहे. अर्जांतील आंकडा हा अर्जदार व दाता यांच्यामधला व्यवहार समजला जातो. लबाडी झालीच तर ती दात्याशीं, आणि दाता सहसा श्रीमंत असल्यामुळें ती फारशी टोंचत नाहीं. पण मागणी आहे असें लिहिणें हें वस्तुतः एक वचन आहे, आणि तें दिलें जातें अशा तिसऱ्याला, ज्यानें तो अर्ज पाहिलेलाही नसतो. वर्गांत बसणारा मुलगा आपले तीन-चार महिने देतो; त्याचे आईबाप तेवढ्या दिवसांची त्याची मजुरी सोडतात. दात्याचे पैसे बुडाले तर तो पुढल्या वर्षीं दुसरीकडे देईल. या घराला दुसऱ्यांदा धीर होत नाहीं, धाकट्या बहिणीनें शिवणाच्या वर्गाचें नांव काढलें, तर "दादाचं काय झालं?" एवढ्या तीन शब्दांत विषय संपतो.

प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेवरील महालेखापरीक्षकांचा अहवाल डिसेंबर २०२५ मध्यें संसदेसमोर आला. शिकणाऱ्यांच्या नोंदींपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिक नोंदींत बँकखात्याचा रकाना रिकामा किंवा निरर्थक होता, असें त्यांत आढळतें. मागणीचा रकाना रिकामा ठेवलेला अर्ज मात्र आम्हीं अजून पाहिला नव्हता.

तसा एक गेल्या वर्षीं पाहावयास मिळाला. तो आमच्या त्याच स्नेह्यांनीं लिहिला होता. इंदापूर तालुक्याचा स्वतंत्र आंकडा उपलब्ध नाहीं, या वाक्यानें रकान्याची सुरुवात होती. खालीं त्यांनीं स्वतः पायपीट करून पाहिलेल्या कारखान्यांची व दुकानांची यादी होती. प्रत्येकानें मागल्या वर्षीं किती माणसें नवीं घेतलीं, पगार काय दिला, पाळी केव्हां सुटते, आणि त्या वेळीं गांवाकडे जाणारी एस्. टी. असते कीं नाहीं, हें त्यांत होतें. शेवटच्या दोन मुद्द्यांमुळें मुलींसाठीं कामाच्या जागा निम्म्याहून कमी झाल्या होत्या. आरंभीं साठ मुलांचा वर्ग मागण्याचा त्यांचा विचार होता. अर्जांत मागणी अठरांचीच होती. भाषेंत आम्हांला एकही शब्द बदलावासा वाटला नाहीं.

तीन आठवड्यांनीं अर्ज परत आला. त्यावर तांबड्या शाईनें शेरा होता: जिल्ह्याची आंकडेवारी जोडावी. स्नेह्यांनीं फोन करून आतां काय करावें असें विचारलें. जिल्ह्याचा आंकडा अवश्य जोडावा, आणि त्याच्या शेजारीं चाकणचें अंतर लिहावें, असें आम्हीं सांगितलें. उत्तर अजून आलेलें नाहीं.