भोजनातील मात्रा आणि उतारवय



आपल्या भंडारा जिल्ह्यात भाताला केवढा मान आहे, हे तुम्हाला सांगायला नको. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या बांध्या, मामा तलावांचे पाणी, पावसाळ्यातली रोवणी आणि दिवाळीच्या सुमाराची धानकापणी, यांवर आपल्या खेड्यांचे वर्ष चालत आले आहे. ज्यांची कंबर दिवसभर चिखलात वाकत होती, त्यांनी दोन्ही वेळा ताटभर भात खाल्ला तरी तो अंगावर चढत नसे. संध्याकाळपर्यंत घामावाटे निघून जाई.

पण आता घराघरांतले चित्र पहा. मुलगा शिकला, नोकरीला लागला. शेती असली तर ती ठेक्याने गेली. वडील साठीत आले आणि घरी बसले. काम सुटले, ताट मात्र पूर्वीचेच राहिले. दोन वेळचा चहा पाच वेळा होऊ लागला. मग गुडघे दुखू लागतात, विहाराच्या चार पायऱ्या चढताना धाप लागते, आणि डॉक्टर रक्तातली साखर तपासून ‘वजन उतरवा’ म्हणून सांगतात. सुनेने वाढताना हात जरा आखडला की म्हाताऱ्या माणसाच्या मनात येते, ‘आता माझ्या घासावरही नजर आली काय?’

हा राग समजून घेतला पाहिजे. ज्यांच्या आईबापांनी उपाशीपोटी रात्री काढल्या, उष्ट्यावर आणि शिळ्यावर दिवस काढले, त्यांना आज कोणी ‘कमी खा’ म्हणावे, हे न्यायाचे आहे काय? भरलेले ताट ही आपल्या माणसांच्या दृष्टीने जिंकलेली गोष्ट आहे. ते आपल्या हाताने मागे सारायचे कशासाठी?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना संयुत्त निकायातील कोसलराज पसेनदीची हकिकत आठवावी. त्या सुत्ताचे नावच दोणपाक सुत्त. द्रोणभर तांदळाचा भात हा राजा जेवत असे. द्रोण हे धान्याचे मोठे माप. एकदा असाच भरपेट जेवून तो धापा टाकीत तथागतांकडे आला. तथागतांनी त्याला हिणवले नाही. उपास कर, प्रायश्चित्त घे, असेही सांगितले नाही. जो जागृत राहून भोजनाची मात्रा ओळखतो, त्याच्या वेदना कमी होतात आणि त्याला म्हातारपण सावकाश येते, एवढ्याच आशयाची एक गाथा त्यांनी म्हटली.

पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. राजाला आपला स्वभाव माहीत होता. ताटापुढे बसल्यावर गाथा आठवणार नाही, हे तो जाणून होता. म्हणून जवळ उभ्या असलेल्या सुदस्सन नावाच्या तरुणाला त्याने ती गाथा पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणायला सांगितली. त्याबद्दल त्याला रोजचे शंभर कार्षापण ठरवून दिले. राजाचा आहार क्रमाक्रमाने उतरला आणि शेवटी एका नाळीच्या लहान मापावर स्थिरावला. अंग हलके झाल्यावर राजाने स्वतःच्या अंगावरून हात फिरवला आणि तथागतांचे उपकार मानले. हाच राजा वयाच्या ऐंशीव्या वर्षीही तथागतांच्या भेटीला गेल्याचे मज्झिम निकायात आहे.

बंधू-भगिनींनो, या हकिकतीत आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. आपल्या बापजाद्यांची भूक त्यांनी निवडलेली नव्हती. ती दुसऱ्याने लादलेली होती. लादलेली भूक हा अन्याय होय, आणि त्याविरुद्ध लढलेच पाहिजे. पसेनदीची मात्रा मात्र त्याने स्वतः, समजून-उमजून ठरवली. दुसऱ्याने हिरावलेला घास आणि आपण विचाराने बाजूला ठेवलेला घास यांना एकाच तराजूत घालू नका.

मात्रा म्हणजे उपास नव्हे, हेही ध्यानात घ्या. एकादशी-सोमवारचे उपास सोडून ‘वजनासाठी’ म्हणून चार दिवस उपाशी राहणे आणि पाचव्या दिवशी लग्नातले भजे-जिलेबी दुप्पट खाणे, यात शहाणपण नाही. शरीराला छळून ज्ञान मिळत नाही, हे जाणून सिद्धार्थ गौतमाने सुजाताची खीर स्वीकारली होती. मात्रा दोन्ही बाजूंनी पाळायची असते. ज्या म्हातारीची हाडे दिसतात, तिच्यासाठी मात्रा म्हणजे एक घास जास्त. विनाकारण वजन घटत असेल तर तो आनंदाचा विषय नाही. डॉक्टरांना ताबडतोब दाखवावे.

ताटाबरोबर पायांचाही विचार करा. वैशालीत पक्वान्ने खाऊन भिक्खूंची शरीरे जड आणि रोगट झालेली पाहून वैद्य जीवकाने तथागतांना विनंती केली आणि भिक्खूंना चंक्रमणाची, म्हणजे येरझारा घालण्याची, परवानगी मिळाली, असे विनयपिटकात आहे. चालण्याचे पाच लाभ अंगुत्तर निकायात सांगितले आहेत. प्रवासाचे बळ, कमी आजार आणि अन्नाचे पचन हे त्यांतलेच.

आजचे वैद्यकशास्त्रही हेच सांगते. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसांचा मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध झाले. आहार आटोक्यात ठेवून आणि आठवड्याला 150 मिनिटे चालून वजन सुमारे 7 टक्के उतरवण्याचे ध्येय त्यात होते. या मार्गाने मधुमेह होण्याचे प्रमाण 58 टक्क्यांनी घटले. साठीपुढच्या माणसांत तर 71 टक्क्यांनी. म्हणजे ‘आता या वयात काय उपयोग?’ हे म्हणणे खोटे ठरले. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात पासष्टीपुढची स्थूल माणसे होती. ज्यांनी नुसते खाणे कमी केले त्यांचे मांसही जास्त झिजले. ज्यांनी व्यायामाची जोड दिली त्यांच्या अंगात चालण्या-उठण्याचे बळ अधिक आले.

म्हणून भात निम्मा करा, पण वरण निम्मे करू नका. रिकाम्या जागी पालेभाजी, डाळ, अंडे, तलावातली मासळी येऊ द्या. चहातली साखर आठवड्या-आठवड्याने कमी करा. पहाटे तलावाच्या पाळीवर अर्धा तास चाला. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. जमत नसेल तर आधार घेऊन करा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा, नाहीतर साखर एकदम उतरून घात होईल.

आणखी एक गोष्ट. आजार हे मागल्या जन्मीच्या पापाचे फळ नव्हे, आणि जाड शरीर हा गुन्हाही नव्हे. परमपूज्य बाबासाहेबांनाही मधुमेहाने ग्रासले होते. शरीर थकलेले असतानाही 1954 साली ते आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले. तेव्हा आजाऱ्याला हसू नका. जेवताना टोचून बोलणे सम्यक वाणीत बसत नाही. सुदस्सनाने राजाला रागावून काही सांगितले नाही. राजानेच त्याला सांगण्याचा अधिकार दिला होता.

तोच अधिकार वडीलधाऱ्यांनी घरातल्या कोणाला तरी द्यावा. सुनेवर हे ओझे न टाकता आपणच नातवाला जवळ बोलवावे आणि म्हणावे, ‘बाळा, मी दुसऱ्यांदा भात मागितला की मला आठवण दे.’ त्याचा राग येऊ देऊ नये. ज्या आजोबांना उठवून बसवायला दोन माणसे लागत नाहीत, त्यांच्या घरातल्या सुनेची कंबर वाचते आणि नातवाला शाळेत सोडायला कोणीतरी असते. तुमच्या ताटातला तो एक घास कमी झाल्याने घरातल्या इतरांचेही दुःख कमी होते, म्हणूनच हा विषय नुसता डॉक्टरांचा नाही, शीलाचाही आहे.

आज संध्याकाळचे ताट वाढले जाईल तेव्हा, पहिला घास घेण्याआधी, आपली भूक खरी किती आहे हे एकदा स्वतःला विचारून पहा.