जुन्या देवळीचे पुनरागमन

बीड जिल्ह्यातील माळवदाच्या वाड्यांतून हद्दपार झालेले शिसवी झोपाळे, पितळी समया आणि भिंतीतल्या देवळ्या नव्या सिमेंटच्या घरांत सन्मानाने दाखल होत असताना, वस्तूबरोबर तिचा धर्मही परत येतो काय, हा प्रश्न मला अगत्याचा वाटतो. अंबाजोगाईच्या संतकवी दासोपंतांनी (1551–1615) सुमारे 40 फूट लांब व 4 फूट रुंद पासोडीवर पंचीकरणाचा, म्हणजे पंचमहाभूतांच्या मिश्रणातून सृष्टी घडण्याचा, विचार लिहिला, तेव्हा एक जाडेभरडे वस्त्र ज्ञानाचे अधिष्ठान झाले. त्याची प्रतिष्ठा त्याने वाहिलेल्या चिंतनाची होती. म्हणून ज्या देवळीत सायंकाळी दिवा लागतो, ज्या झोपाळ्यावर वृद्धांना हक्काची जागा मिळते, तेथेच परंपरा नांदते. एरवी तो भूतकाळाचा परिग्रह होय, आणि परिग्रह कितीही पुरातन असला तरी आसक्तीच वाढवितो.