सांभाळणाऱ्याच्या नावाने

१० नोव्हेंबर १९८१च्या पत्रकार परिषदेत अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी एका साडेतीन वर्षांच्या मुलीचा विषय काढला. केटी बेकेट, राहणार आयोवा राज्यातले सीडर रॅपिड्स. तान्ही असतानाच मेंदूज्वराने तिचे अंग लुळे पडले आणि श्वासासाठी यंत्राची गरज लागू लागली. खासगी विम्याची दहा लाख डॉलरची मर्यादा संपली, तेव्हा मेडिकेड ही गरिबांसाठीची सरकारी योजना मदतीला आली. मात्र मुलगी रुग्णालयात असेल तरच. घरी नेली की आईवडिलांचे उत्पन्न मोजले जाणार आणि मदत थांबणार. रुग्णालयासाठी सरकार महिन्याला सहा हजार डॉलर मोजते आणि घरी ठेवायला लागणारा त्याचा सहावा हिस्सा कुटुंबाला परवडत नाही, हा कसला नियम, असा रेगन यांचा सवाल होता. नियम तिच्यापुरता शिथिल झाला. त्याच नाताळाआधी केटी घरी आली आणि चौतीस वर्षांची होईपर्यंत जगली.

सरकारी खर्चाला कात्री लावायला निघालेल्या अध्यक्षाला हे खटकले, यात नवल नाही. घर स्वस्त पडते. अपंगांच्या आणि वृद्धांच्या घरगुती देखभालीला सरकारने पैसे द्यावेत या विचाराला कणवेपेक्षा हिशेबानेच जास्त वेळा वाट करून दिली आहे, आणि त्या हिशेबातली चूकही विचारासोबतच वाढली.

मुळात गाठ मारली गेली ती १९६५ साली. मेडिकेडचा कायदा झाला तेव्हा नर्सिंग होमचा खर्च देणे राज्यांना बंधनकारक झाले, घरच्या मदतीचा बराचसा भाग मात्र ऐच्छिक राहिला. म्हणजे पैसा खाटेला मिळणार, माणसाला नाही. १९८१च्या कायद्याने राज्यांना सवलत मागून हा पैसा घराकडे वळवण्याची मुभा दिली. पण मुभा म्हणजे हक्क नव्हे. राज्ये जागा मोजून ठेवतात, त्या भरल्या की नाव प्रतीक्षायादीत जाते. या याद्यांवर आजही लाखो माणसे आहेत.

कॅलिफोर्नियात याच्याही आधी वेगळा विचार रुजत होता. एड रॉबर्ट्स यांना चौदाव्या वर्षी पोलिओ झाला. मानेखालचे शरीर जवळजवळ निकामी, रात्री झोपायला लोखंडी फुप्फुसाचे अवजड यंत्र. ‘या मुलाला नोकरी लागणे शक्य नाही’ असा शेरा मारून राज्याच्या पुनर्वसन खात्याने शिक्षणाचा खर्च नाकारला होता. वर्तमानपत्रांतून बोभाटा झाल्यावर खाते नमले. १९६२ साली रॉबर्ट्स बर्कलेच्या विद्यापीठात दाखल झाले. वसतिगृहाला ते यंत्र झेपणार नव्हते, म्हणून विद्यापीठाच्या रुग्णालयातच त्यांना खोली मिळाली. पाठोपाठ आणखी अपंग विद्यार्थी आले. सरकारी भत्त्यातून त्यांनी मदतनीस ठेवले, आणि त्यांना नेमणारे, काम सांगणारे, प्रसंगी काढून टाकणारे ते स्वतःच होते. सकाळी किती वाजता उठायचे हे परिचारिकेच्या पाळीवर नाही, तर ज्याला उठायचे त्याच्यावर अवलंबून राहिले. १९७२ साली बर्कलेत स्वतंत्र जीवन केंद्र निघाले. १९७५ साली गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी रॉबर्ट्सना त्याच पुनर्वसन खात्याचे संचालक नेमले!

रेगन यांच्या हिशेबात घर हे स्वस्त ठिकाण होते. रॉबर्ट्सच्या हिशेबात ते स्वतःच्या मर्जीचे ठिकाण. दोन्ही विचार एकाच तिजोरीपाशी भेटले, म्हणून काम पुढे सरकले. १९९९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात तिसरा विचार घातला. लोइस कर्टिस आणि इलेन विल्सन या दोन स्त्रियांना जॉर्जियातल्या सरकारी मनोरुग्णालयात ठेवलेले होते. बाहेर समाजात राहू शकतील असे डॉक्टरांनी सांगूनही त्यांना सोडले जात नव्हते. विनाकारण संस्थेत डांबणे हा भेदभाव आहे, असा निकाल न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लिहिला. कर्टिस पुढे चित्रकार झाल्या. २०१३च्या सुमारास मेडिकेडच्या दीर्घकालीन देखभालीच्या खर्चात घर आणि समाज यांचा वाटा निम्म्यावर गेला.

मग घरात प्रत्यक्ष राबते कोण? एव्हलिन कोक मूळच्या जमैकाच्या. न्यूयॉर्क परिसरात त्यांनी वर्षानुवर्षे आजारी-म्हाताऱ्या माणसांची सेवा केली, अनेकदा चोवीस तास. जादा कामाचे पैसे मागितले, तर वेतन कायद्याच्या १९७४च्या दुरुस्तीने असे काम ‘सोबत’ या सदरात टाकून जादा पैशांच्या हक्काबाहेर ठेवलेले निघाले. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या विरोधात निकाल दिला. नियम बदलला २०१३ साली, लागू झाला २०१५ साली. कोक २००९ सालीच वारल्या होत्या. घर स्वस्त का पडत होते, याचे अर्धे उत्तर त्यांच्या पगारपत्रकात होते. उरलेले अर्धे आई, बायको, मुलगी आणि सून यांच्याकडे होते, आणि त्यांना पगारपत्रकच नव्हते.

जर्मनीने या अर्ध्या भागाला हात घातला. १९९५ साली तिथे देखभाल विमा सुरू झाला. घरी सांभाळ होत असेल, तर व्यावसायिक सेवा घ्या किंवा तिच्या साधारण निम्म्या मोलाची रोख रक्कम घ्या, अशी मोकळीक होती. सांभाळणाऱ्या नातेवाइकाच्या निवृत्तिवेतनाचा हप्ताही विम्यातून भरला जाऊ लागला. मोजदाद मात्र जर्मन थाटाची: सर्वांगाची आंघोळ २० ते २५ मिनिटे, दात घासणे ५, केस विंचरणे १ ते ३. दिवसाला किमान ९० मिनिटांची मदत लागली, तरच मदतीची पहिली पायरी. चालता-फिरता पण सतत नजरेखाली ठेवावा लागणारा स्मृतिभ्रंशाचा रुग्ण या घड्याळात बसेना. मिनिटांची ही पद्धत २०१७ साली गेली.

जपानने २००० साली असाच विमा आणला, पण रोख रक्कम द्यायला नकार दिला. हा वाद मराठी घरात चालला असता, तर कुणालाच परका वाटला नसता. तिकडे म्हातारपणी सेवा करायची ती थोरल्या सुनेने. काही नगरपालिका आदर्श सुनांचा सत्कारही करत. केइको हिगुची आणि त्यांच्या स्त्री-संघटनेचा आक्षेप असा, की घरात पैसे दिले तर सून आणखी जखडली जाईल आणि सरकार हात झटकेल. १९९९ साली सत्ताधारी पक्षाचे शिझुका कामेई मुलांनी आईवडिलांना सांभाळण्याच्या सुंदर परंपरेचे गुणगान करू लागले. तरी चाळिशीनंतर प्रत्येकाने हप्ता भरायचा आणि गरजेला मदतनीस, दिवसाचे केंद्र, आंघोळीची सोय मिळवायची, हेच मुख्यतः ठरले. हिगुचींचे म्हणणे बिनतोड आहे. पण ते चालते ते सेवा दारात येत असतील तिथेच.

आपल्याकडे रोख अपुरी आणि सेवा नाहीच. पुण्या-मुंबईत ब्यूरोकडून बारा तासांची मावशी ठेवणे मध्यमवर्गालाही जड जाते. दर दोन तासांनी कूस बदलणे, डायपर, पाठीवर जखम होऊ नये म्हणून पावडर, नळीने भरवणे, हे सारे घरच्या बाईवर येते, आणि तिने नोकरी सोडली तर त्याची नोंद कुठेच होत नाही. २००७च्या कायद्याने पोटगी मागण्याचा हक्क आईवडिलांना दिला. तो मुलांवरचा दावा आहे, सरकारवरचा नाही. महाराष्ट्राची संजय गांधी निराधार योजना १९८०ची. तिची रक्कम २०२३ साली दीड हजार झाली, अपंगांसाठी २०२५ साली अडीच हजार. ही मदत लाभार्थ्याच्या नावावर, त्याच्या गरिबीसाठी. त्याला उचलून बसवणारीचा त्यात उल्लेख नाही.

कायद्यात मात्र तो आहे. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ याच्या कलम २४मध्ये, जास्त आधार लागणाऱ्यांसाठी देखभाल करणाऱ्याचा भत्ता असे स्पष्ट लिहिले आहे. केरळात ‘आश्वासकिरणम्’ योजनेतून अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्यांसाठी महिना ६०० रुपये ठरलेले आहेत. रक्कम हास्यास्पद आहे, पण निदान ती सांभाळणाऱ्याच्या नावाने निघते. महाराष्ट्राने तेवढे तरी करावे, आणि सोबत तालुक्याला चार प्रशिक्षित मदतनीस द्यावेत. नुसत्या सहाशे रुपयांनी रात्रीची झोप मिळत नाही.