गेटरची घाई कशाला?

जावा शिकून पायथनकडे आलेला प्रोग्रामर त्याच्या पहिल्याच क्लासवरून ओळखू येतो. बँकेच्या खात्याचा क्लास असेल, तर शिल्लक हा साधा आकडा ठेवण्याऐवजी तो आधी गेटर आणि सेटर अशा दोन मेथड लिहितो. दोन्हींच्या पोटात एकेकच ओळ असते: एक आकडा परत देते, दुसरी ठेवून घेते. कॉलेजात या सवयीला शिस्त म्हणतात. जावात ती गरज आहे हे मान्य. पायथनमध्ये मात्र ती नुसती भरताड आहे, आणि त्याचं कारण आवडीनिवडीत नसून दोन भाषांच्या घडणीत आहे.

जावातली अडचण खरी आहे. तिथे शिल्लक हे फील्ड उघडं ठेवलं आणि वर्षभराने ठरलं की आकडा साठवायचा नाही, जमा-नावेच्या नोंदींवरून दर वेळी काढायचा, तर फील्डच्या जागी मेथड येते आणि जिथे जिथे 'खाते.शिल्लक' लिहिलं आहे तिथे तिथे कंस घालत फिरावं लागतं. तो कोड दुसऱ्याच कंपनीकडे असेल, तर तेही आपल्या हातात उरत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून गेटर. 1997 च्या जावाबीन्सने त्यांची नावं ठेवण्याची पद्धतही रूढ केली. वास्तविक बर्ट्रंड मेयर यांनी 1988 मध्येच आपल्या पुस्तकात यावरचं तत्त्व मांडलं होतं: माहिती साठवलेली आहे की हिशेब करून काढलेली, हे वापरणाऱ्याला लिहिण्याच्या पद्धतीवरून कळता कामा नये. पायथनने डिसेंबर 2001 मधल्या 2.2 आवृत्तीत प्रॉपर्टी आणून ते साधलं, आणि 2004 मध्ये डेकोरेटर आल्यावर लिहिणंही सोपं झालं. आता क्लासमध्ये 'शिल्लक' नावाची मेथड लिहायची, तिला नेहमीप्रमाणे पहिला पॅरामीटर 'सेल्फ' द्यायचा, आतमध्ये नोंदींची बेरीज करायची आणि मेथडच्या डोक्यावर '@property' अशी एक ओळ टाकायची. बाहेरचं 'खाते.शिल्लक' जसंच्या तसं चालतं. (पायथन 3 मध्ये अशी देवनागरी नावं खरोखरच चालतात.) सेटर दिला नाही, तर बाहेरून शिल्लक बदलू पाहणाऱ्याला एरर मिळते. उद्या गरज पडली तर एका ओळीत होणारं काम आज प्रत्येक फील्डसाठी आगाऊ का करायचं?

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा, की टिंबामागे काय चाललंय ते दिसत नाही. तो उडवून लावण्यासारखा नाही. जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये एका रेकॉर्डवरून संबंधित रेकॉर्डकडे टिंबानेच जाता येतं, आणि तो आधी आणलेला नसेल तर त्या निरुपद्रवी दिसणाऱ्या टिंबामागे डेटाबेसला एक क्वेरी जाते. शंभर नोंदींच्या लूपमध्ये तेच टिंब असलं की शंभर जादा क्वेरी! पण यातून गेटरची बाजू सिद्ध होत नाही. जावातल्या गेटरच्या पोटातही अशीच क्वेरी लपू शकते. यातून निघते ती मर्यादा: प्रॉपर्टीने स्वस्त काम करावं, बाहेर काही बदलू नये. जिथे वेळ जातो किंवा पैसे हलतात, तिथे कंस असलेली मेथडच हवी.

दुसरा आक्षेप कुलपाचा. पायथनमध्ये नावाआधी एक अंडरस्कोर म्हणजे 'हात लावू नका' एवढा संकेत. दोन दिले तरी आतलं नाव '_खाते__शिल्लक' असं बदलतं, इतकंच. पण जावाचं प्रायव्हेटही रिफ्लेक्शनने उघडता येतं. हे कुलूप चोरासाठी नसतंच, सहकाऱ्यासाठी असतं. आपली लायब्ररी अनोळखी हजारोंच्या हाती जाणार असेल, तर संकेत कमी पडतो हे खरं, आणि जावास्क्रिप्टने 2022 मध्ये '#' लावून खरीखुरी खासगी फील्ड्स दिली ती योग्यच. मला पायथनचं खरं दुबळेपण दुसरीकडे दिसतं: साध्या क्लासवर घाईत 'खाते.शिलक = 500' असं टंकलं, तर तो निमूटपणे नवीनच अॅट्रिब्यूट तयार करतो आणि खरी शिल्लक आहे तशी राहते. स्लॉट्स वापरून हे रोखता येतं, पण ते वापरणारे थोडे. गेटरवाल्यांनी भांडायचंच असेल, तर या मुद्द्यावर भांडावं.

बाकी भाषांचा कल एव्हाना स्पष्ट आहे. सीशार्पमध्ये प्रॉपर्टी पहिल्यापासून होती. पीएचपीने नोव्हेंबर 2024 मध्ये 8.4 आवृत्तीत प्रॉपर्टी हुक्स आणले. जावाने 2021 मध्ये पक्क्या केलेल्या रेकॉर्डमधून 'गेट' हा उपसर्ग गेला. कंस मात्र अजून आहेत.