कारणाचा शोध आणि हक्काचा आधार

१८६७ साली म्युनिकला जर्मन कायदेपंडितांच्या परिषदेत कार्ल हाइन्रिख उलरिक्स यांनी समलैंगिकांना शिक्षा देणारे कायदे रद्द करण्याची मागणी केली. आरडाओरड करून त्यांना बोलू दिलं गेलं नाही. त्यांचा युक्तिवाद मात्र टिकला: ही ओढ जन्मजात आहे, मग निसर्गाने दिलेल्या गोष्टीची शिक्षा माणसाला का? त्या काळात हे म्हणायला विलक्षण धैर्य हवं होतं. पण इथेच दोन प्रश्न एकमेकांत गुंतले. लैंगिक कल कशाने ठरतो, हा विज्ञानाचा प्रश्न. माणसाला कसं वागवायचं, हा न्यायाचा.

जन्मजातपणाचा हाच आधार घेऊन जर्मन डॉक्टर माग्नुस हिर्शफेल्ड १८९७ पासून पुरुषांमधले समलैंगिक संबंध गुन्हा ठरवणाऱ्या जर्मनीच्या कलम १७५ विरुद्ध लढले. १९३३ मध्ये नाझींनी त्यांची बर्लिनची लैंगिकताविषयक संशोधन संस्था लुटली, ग्रंथ जाळले. जन्मावरूनच माणसं संपवायला निघालेल्यांपुढे जन्मजातपणाची ढाल काय कामाची?

पुढे प्रयोगशाळा बोलू लागल्या. १९९१ मध्ये बेली आणि पिलार्ड यांच्या अभ्यासात एक जुळा भाऊ समलैंगिक असताना दुसराही तसाच असण्याचं प्रमाण एकबीज जुळ्यांत ५२ टक्के, द्विबीज जुळ्यांत २२ टक्के आढळलं. १९९३ मध्ये डीन हेमर यांना समलैंगिक भावांच्या ४० पैकी ३३ जोड्यांमध्ये एक्स गुणसूत्राच्या एका टोकाला साम्य दिसलं आणि ‘गे जीन’ सापडल्याची हाकाटी झाली. १९९९ मध्ये कॅनडातल्या ५२ जोड्यांत ते साम्य आढळलं नाही. अखेर २०१९ मध्ये पावणेपाच लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासातून कळलं, की असा एकच जनुक नाही. असंख्य जनुकांचा थोडाथोडा प्रभाव असतो. त्यांवरून एखाद्या व्यक्तीचा कल सांगता येत नाही.

‘जनुक नाही, म्हणजे ही मर्जीची बाब’ असा अर्थ काढणं मात्र चूक आहे. मोठ्या सख्ख्या भावांची संख्या वाढते तशी धाकट्या मुलाच्या समलैंगिक असण्याची शक्यता किंचित वाढते, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. त्याचं कारण गर्भावस्थेत असावं, असं संशोधक मानतात. जे जनुकांत नाही, तेही जन्माआधी घडलेलं असू शकतं.

हे कुतूहल मोलाचं आहे, शोध चालूच राहावा. पण कुणाचा सन्मान पुढच्या शोधनिबंधावर टांगून ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. माणूस आपला धर्म बदलू शकतो. म्हणून त्याच्या धर्मस्वातंत्र्याला आपण कमी लेखत नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७७ मधून प्रौढांच्या संमतीचे संबंध वगळले. निकालात कल नैसर्गिक असल्याची चर्चा आहे. तरी तो उभा आहे समता, प्रतिष्ठा आणि खासगीपण या घटनात्मक मूल्यांवर. उद्या कोणतंही कारण सापडलं, तरी ही मूल्यं पुरेशी आहेत. दोन प्रौढ माणसं परस्परसंमतीने प्रेम करतात, तेव्हा त्यांच्याकडे जन्माचा पुरावा मागण्याचा अधिकार समाजाला नाही.