पाषाणयुगीन आहार आणि रोजची भाकर

पुण्यासारख्या शहरांतील सुशिक्षित लोकांत हल्ली 'पाषाणयुगीन आहार' या नावाची एक पद्धत प्रचारात आहे. शेतीपूर्वी मनुष्य जे खात असे तेच त्याने आजही खावे. मांस, मासे, अंडी, फळे व भाज्या घ्याव्या आणि धान्य, डाळी, दूध व साखर वर्ज्य करावी, म्हणजे वजन उतरते व प्रकृती सुधारते, असे तिचे सांगणे आहे. इ. स. १९८५ मध्ये ईटन व कॉनर या अमेरिकन विद्वानांनी अशा आहाराचा विचार एका वैद्यकीय नियतकालिकात मांडला, त्यानंतर त्याचा बराच प्रसार झाला. आपल्या खेड्यातील मंडळीस याच्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. परंतु यात एक प्रश्न सर्वांचाच आहे. शरीराची काळजी आणि बंधुप्रीती यांत विरोध आला, तर ख्रिस्ती मनुष्याने काय करावे?

प्रथम या मताचा पाया पाहू. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनी इ. स. १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वी तेथील लोक जव पिकवीत असत. पुढे पर्जन्य घटले, शेती खालावली, तेव्हा त्यांना शिकारीचा आधार अधिक घ्यावा लागला, असे त्या विद्वानांनी मांडले आहे. म्हणजे शिकार त्यांनी पत्करली ती पोटासाठी. मोझांबिक देशात तर सुमारे एक लक्ष वर्षांपूर्वीच्या दगडी हत्यारांवर रानज्वारीच्या पिष्टाचे कण सापडले, हे इ. स. २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा प्राचीन मनुष्य दाण्यास शिवतच नव्हता, हे म्हणणे टिकत नाही.

तथापि या पद्धतीत काहीच तथ्य नाही असे नव्हे. साखर, मैदा व तळलेले पदार्थ सोडल्याने पुष्कळांस गुण येतो. पौलाने शरीरास मंदिराची उपमा दिली आहे. त्याची निगा राखणे हे कर्तव्यच होय.

आता असे समजा, की हा नियम पाळणारा एक बंधू हंगामाच्या सणास खेड्यात आला, आणि एका गरीब विधवा भगिनीने त्याच्यापुढे भाकरी व पिठले वाढले. धान्य वर्ज्य, डाळही वर्ज्य! मग त्याने काय करावे? आपल्या देशात अन्न नाकारण्याचा अर्थ केवळ भूक नसणे एवढाच होत नाही. हातचे न खाण्याच्या रूढीने आपल्या वाडवडिलांनी किती अपमान सोसला, हे आपणांस ठाऊक आहे.

ज्यास वैद्याने पथ्य सांगितले आहे, त्याने ते मोकळेपणाने सांगावे, आणि यजमानाने आग्रह करू नये. मधुमेह्यास बळेच गोड खाऊ घालणे ही प्रीती नव्हे. परंतु ज्याने केवळ स्वतःच्या पसंतीने नियम धरला आहे, त्याने त्या दिवशी तो बाजूस ठेवून भाकरी मोडावी. एकदा मोडलेला नियम मोडतच जातो, असा आक्षेप कोणी घेईल, व तो खोटा नाही. तरी दुसऱ्या दिवशी नियम पुन्हा धरता येतो. त्या भगिनीचे दुखावलेले मन मात्र तितक्या सहज जुळत नाही.

प्रचारक बंधूंनी हा विषय मंडळीपुढे अवश्य काढावा. प्रभूने आपल्या शिष्यांस जी भाकर मागावयास शिकविले, ती सर्वांनी मिळून मागावयाची आहे. तेव्हा ती मिळून खाण्यास आपण मागे का राहावे?